दाजीच्या होडीचा बाक

मी बाक आहे. कोलशेतच्या प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर, चपला काढायच्या जागेशेजारी मला ठेवलंय. येणाराजाणारा दोन मिनिटं टेकतो, चपलेचा बंद सोडतो आणि आत जातो. मला निरखून बघायला कुणाला सवड नाही. पण बघितलंच कुणी, तर माझ्या अंगावर ओळीनं भोकं दिसतील, करंगळी जाईल एवढी. बाकाला इतकी भोकं कशाला, असा प्रश्न पडला तर बसा थोडं. सांगतो.

बाक होण्याआधी मी होडी होतो. होतो की होते, हे माझं मलाच नक्की सांगता येत नाही. दाजी मला 'ती'च म्हणायचा. "ती आज दमलीय," म्हणायचा आणि स्वतःच वाळूत आडवा व्हायचा. ही भोकं त्या होडीच्या खिळ्यांची.

दाजीच्या बापानं मला सागाच्या फळ्यांतून बांधून घेतलं होतं. मोठी नव्हे, दोन माणसं आणि एक जाळं मावेल एवढीच. कोलशेतची खाडी तेव्हा भरलेली असायची. बोय, कोलंबी, चिंबोऱ्या. दाजी जाळं टाकायचा आणि त्याची बायको शेवंती पाटी डोक्यावर घेऊन बाळकुमपर्यंत ओरडत जायची. तिचा आवाज असा, की गिऱ्हाइकं आधी दार उघडायची आणि मग भाव विचारायची.

मग खाडीच्या कडेला कारखाने वाढले. पाण्याला निराळाच वास यायला लागला. मासळी कमी झाली, आणि जी मिळे ती शिजवली की तिला औषधाचा वास येई. गिऱ्हाइकं परत आणून द्यायला लागली. एकदा एका बाईनं शेवंतीच्या दारात येऊन कालवणाचं पातेलंच तिच्यासमोर ठेवलं, "तूच खाऊन बघ." शेवंतीनं खाऊन बघितलं. त्यानंतर दाजी रेतीच्या बार्जवर रोजावर जायला लागला आणि मी काठावर उपडा पडलो. माझ्या पोटाखाली कोंबड्या बसायच्या.

असं एक वर्ष गेलं. आणि एक्क्याऐंशी सालच्या श्रावणात तो दिवस आला.

पाऊस चार दिवस हटला नव्हता. भरतीचं पाणी गावात शिरलेलं, ठाण्याकडे जाणारा रस्ता कंबरभर पाण्याखाली. दुपारी शेवंतीच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईणीनं बघितलं आणि ती हात पुसत बाहेर आली. "पोर पायालू हाय. माज्या हातात नाय ह्यो काम."

गावाच्या टोकाला भाड्याच्या खोलीत एक नर्स राहायची, वासंती भिंगारदिवे. मूळची नगरकडची, ख्रिस्ती, ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला. सगळा गाव तिला वासंतीसिस्टर म्हणायचा. दाजी पाण्यातून धावत तिच्याकडे गेला. सिस्टर आल्या, त्यांनी शेवंतीच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हिला दवाखान्यात न्यायला हवं. आत्ता."

"रस्ता नाय, सिस्टर."

"खाडी आहे ना?"

दाजीनं माझ्याकडे बघितलं. मी वर्षभर उन्हात पडून तडकलेला. त्यानं आणि दोघातिघांनी मला सुलटा केला, फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या आणि पाण्यात लोटला. शेवंतीला माझ्या तळाशी गोधडीवर निजवलं. दाजी वल्हं मारत होता, सिस्टर एका हातानं शेवंतीला धरून दुसऱ्या हातानं डालड्याच्या डब्यानं पाणी उपसत होत्या. मी सगळीकडून गळत होतो. लाकडाला लाज वाटते का, माहीत नाही. मला त्या दिवशी वाटली.

कळव्याचा पूल समोर दिसायला लागला आणि शेवंतीनं किंकाळी फोडली. सिस्टरांनी डबा टाकून दिला. "दाजी, वल्हं थांबवू नका, आणि मागे बघू नका." किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग माझ्या फळ्यांवर एक बारीकसं रडणं ऐकू आलं. मुलगी होती. तिचं नाव मालू ठेवलं.

मायलेकी दोघी वाचल्या. ती माझी शेवटची फेरी. परत येताना माझी कण्याची फळीच चिरली.

पंधरा दिवसांनी दाजी चिंबोऱ्यांची टोपली घेऊन सिस्टरांच्या दारात उभा राहिला. सिस्टरांनी हात जोडले. "दाजी, मी माझं काम केलं. तुमच्या तोंडचा घास काढून मला नको." दाजी टोपली घेऊन परत आला आणि माझ्याशेजारी बसून राहिला. त्याचा चेहरा मार खाल्ल्यासारखा झाला होता.

त्याच सुमाराला नगर-जालन्याकडून कारखान्यांत कामाला आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी गावाबाहेर एक पत्र्याचं प्रार्थनामंदिर उभारलं होतं. दर रविवारी तिथं उपासना व्हायची. बसायला सतरंज्याच. म्हाताऱ्यांचे गुडघे दुखायचे. हे दाजीनं कुणाकडून तरी ऐकलं आणि शेवंतीला म्हणाला, "होडी देऊन टाकू का त्यांना? लाकूड अजून चांगला हाय."

वखारवाला मला न्यायला दोनदा येऊन गेला होता. घरात तेव्हा चूल एकवेळच पेटायची. शेवंतीनं मालूला खांद्यावर घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "वखारीत गेली तं जळंल. तिथं गेली तं कोनी बसंल तरी."

वासंतीसिस्टर पुन्हा नको म्हणाल्या. गरिबाचं एवढं मोठं दान घ्यायचं कसं? पण तिथले म्हातारे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, त्यांनी सिस्टरांना समोर बसवून सांगितलं. दाजीनं मला तोवर मंदिराच्या अंगणात आणून ठेवलं होतं, तिथं पडल्यापडल्या मी ते शब्द ऐकले. "बाई, प्रभूनं गरिबाला धन्य म्हटलं. आपण त्याचा अर्थ एवढाच घेतला, की गरिबानं घ्यायचं आणि आपण द्यायचं. देण्यातला आनंद सगळा आपल्याकडेच ठेवायचा, तर त्याला धन्य कशासाठी म्हटलं? हा माणूस देवाच्या घराला आशीर्वाद द्यायला आलाय. त्याला दारातून परत पाठवू नका."

सिस्टर रडल्या. दाजीनं एकच अट घातली. "माजा नाव कुठं लिवू नका. कोनाला सांगू पन नका."

गोपीनाथ सुतारानं मला कापला, रंधला. खिळ्यांची भोकं बुजवू का, असं त्यानं विचारलं. पाळक म्हणाले, "राहू दे. आपण तरी कुठे बिनभोकाचे आहोत?" चार पाय, हात टेकायला दोन दांडे, आणि पाठ टेकायला कण्याशेजारची रुंद फळी. मंदिरातला पहिला बाक मी.

ती वर्षं फार सुखाची गेली. माझ्यावर म्हाताऱ्या बसायच्या, लेकुरवाळ्या बसायच्या. नाताळात पोरं माझ्यावर उभी राहून कागदाच्या चांदण्या टांगायची. पेटी-तबल्यावर गाणी सुरू झाली, की माझ्या फळ्या थरथरायच्या आणि मला क्षणभर पाण्यावर असल्यासारखं वाटायचं. उन्हाळ्यात मी तापलो, की माझ्यातून खाडीचा खारट वास सुटायचा. बायका इकडेतिकडे बघून पदर नाकाला लावायच्या, मला गंमत वाटायची.

म्हातारे पाळक निवृत्त होऊन गावी गेले. वासंतीसिस्टरांची बदली कल्याणला झाली, मग पुन्हा ठाण्याला. ड्युटीमुळे त्या एखाद्याच रविवारी यायच्या. मंडळी वाढली. पत्र्याच्या जागी स्लॅब आला, पंखे आले, नवे बाक आले. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं. माझ्यावर नाव नव्हतं. मी सगळ्यात पुढे होतो एवढंच. आणि पुढे असलेल्याला माणसं आपोआप मान देतात. माझ्यावर मखमली गादी चढली. बाहेरचे पाहुणे, कमिटीचे लोक, एवढेच माझ्यावर बसायला लागले. म्हाताऱ्या मागे गेल्या.

हे सगळं बाबुरावांच्या देखरेखीखाली चालायचं. बाबुराव कारखान्यात फोरमन, मंडळीचे कारभारी. माणूस वाईट नव्हता, हे मला आधीच सांगू द्या. कुणाच्या घरी आजारपण असलं, की डबा घेऊन पहिले तेच पोहोचायचे. दर जूनमध्ये आसपासच्या वस्तीतल्या मुलांना वह्या वाटायची पद्धत त्यांनीच सुरू केली. फक्त वाटताना रांग सरळ लागायची, फोटोवाला यायचा आणि घेणाऱ्या पोरानं फोटोवाल्याकडे बघून हसायचं असायचं.

सत्त्याण्णव सालचा जून. रविवार. उपासना संपली की वह्यावाटप होतं. बाहेर मांडवात पोरं बसून होती. वह्या देणारे कारखान्यातले मोठे अधिकारी, गुरुदत्तसाहेब, यायचे होते. नवे पाळक सुधीर व्यासपीठावर उभे होते.

तेवढ्यात दारातून एक बाई आत आली. हिरवं लुगडं, केसांत अबोली, हातात कागदी खोकं. मागोमाग सोळा वर्षांची मुलगी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. शेवंतीला मी पावलांवरून ओळखलं. सोळा वर्षांत ती एकदाही मंदिरात आली नव्हती. चालून दमलेली, पुढे रिकामी जागा दिसली, ती सरळ येऊन माझ्यावर बसली. शेजारी मालू.

मला काय वाटलं ते कसं सांगू! ज्या फळ्यांवर ही पोर जन्मली, त्याच फळ्यांवर ती येऊन बसली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. शेवंतीला होता. तिचा हात गादीखाली गेला, एका भोकावर थांबला आणि तसाच राहिला.

बाबुराव लगबगीनं आले. "मावशी, वह्या बाहेर मिळणारेत. मांडवात बसा."

"आमी मांगाला नाय आलो, दादा. पोरगी धाव्वी पास झायली, म्हनून..."

पण तोवर बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाबुरावांचं लक्ष दाराकडे गेलं. "हो, हो, मिळतील तिला पण. आता उठा बघू, इथे पाहुणे बसणारेत. उठा, उठा."

शेवंती उठली. आवाज चढवला नाही, काही नाही. माझ्यापासून दोन हातांवर फरशीवर मांडी घालून बसली आणि खोकं मांडीत धरलं. मालू मात्र उभीच राहिली. तिचे कान लाल झाले होते. "आये, चल घरी."

"बस गं."

"तू बस. मी जाते." आणि ती बाजूच्या दारातून बाहेर गेली.

गुरुदत्तसाहेब आले, हार झाला, ते माझ्यावर बसले. सुधीर पाळकांनी शुभवर्तमान उघडलं आणि त्या दिवसाचा उतारा वाचायला घेतला. कुठला, तर प्रभू डोंगरावर बसून कुणाकुणाला धन्य म्हणतो, तोच. पहिलंच नाव गरिबांचं. पाळक वाचत होते. त्यांची नजर पानावरून उठे, फरशीवरच्या बाईवर जाई आणि पुन्हा पानावर येई.

वासंतीसिस्टर त्या दिवशी ड्युटी संपवून परस्पर आल्या होत्या. फाटकापाशी त्यांना मालू दिसली. काय बोलणं झालं ते दाराजवळ बसलेल्यांनी ऐकलं, आणि पुढे कित्येक दिवस तेच एकमेकांना सांगितलं. मालूनं विचारलं होतं, "सिस्टर, आमी दिसतोच मांगनारे काय?"

सिस्टर तिचा हात धरून आत आल्या. मधल्या वाटेनं थेट पुढे. पांढरी साडी, खांद्याला पर्स. शेवंतीच्या शेजारी फरशीवर बसल्या. सगळी मंडळी बघायला लागली. पाळकांचं वाचन अडखळलं.

"पाळकसाहेब," सिस्टर बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मला साक्ष द्यायची आहे."

शेवंतीनं त्यांचा पदर ओढला. "सिस्टर, नको. दिल्याचा नाव काढू नये."

"शेवंती, सोळा वर्षं नाही काढलं. दाजींना शब्द दिला होता. पण आज गप्प बसले तर माझं गप्प बसणंच खोटं ठरेल." त्या उभ्या राहिल्या. "हा पहिला बाक कुणी दिला, माहीत आहे कुणाला? या बाईच्या नवऱ्यानं. त्यांची होडी होती ती. घरात दोन वेळचं जेवण नव्हतं तेव्हा वखारीला न देता आपल्याला दिली. आणि ही मुलगी," त्यांनी मालूच्या डोक्यावर हात ठेवला, "ही याच फळ्यांवर जन्मली. कळव्याच्या पुलाखाली. मी होते तिथं."

गुरुदत्तसाहेब माझ्यावरून असे उठले, की जणू चटका बसला. "अहो, मला कुणी सांगायचं तरी!" म्हणाले आणि उभेच राहिले. मालू डोळे फाडून माझ्याकडे बघत होती. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

सुधीर पाळकांनी पुस्तक मिटलं. खाली आले. "मी वाचत होतो आणि बघतही होतो," ते म्हणाले. "दोन्ही एका वेळी मला जमलं कसं, हेच मला कळत नाही."

बाबुराव खांबाला टेकून उभे होते. पुढे आले, घसा खाकरला. "मावशी, वर बसा."

"नको. हितं गार लागतं," शेवंती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच गार लागत असावं. तिनं खोक्याचा दोरा सोडला. "पोरगी पास झायली, तिला सिस्टरसारखा नर्स व्हायचाय. म्हनून पेढं घेऊन आलतो. आधी तोंड गोड करा, मग काय ते बोला." आणि पहिला पेढा तिनं बाबुरावांपुढे धरला.

बाबुरावांनी हात पुढे केला. तो हात वह्या, चादरी, धान्याच्या पिशव्या वाटताना मी वर्षानुवर्षं बघितला होता. तळवा वर करून पुढे आलेला मी पहिल्यांदाच बघितला.

पेढे सगळ्यांना पुरले नाहीत. मोडून मोडून, कणाकणानं वाटले. मग शेवंती पाळकांना म्हणाली, "माज्या पोरीला आशीर्वाद द्या. त्यासाठीच आलो."

"देतो. पण आधी तुम्ही आम्हाला द्या."

"मी? मना काय येतंय?"

"जे येतं ते."

शेवंती गोंधळली, लाजली. मग पदर सावरून म्हणाली, "सगली सुखी ऱ्हावा. सगल्यांच्या घरात दोन घास जास्तीच शिजूं दे."

मागच्या बाकांवरून कुणीतरी 'आमेन' म्हणालं. त्या मंदिरात मी मोठमोठ्या लोकांची आशीर्वचनं ऐकली आहेत. त्यांतली फारशी आठवत नाहीत.

त्याच आठवड्यात बाबुराव दाजीच्या घरी गेले. दाजीला तेव्हा दम लागायचा, तो खाटेवरच असायचा. पुढे बाबुरावांनीच हे मंडळीत उभं राहून सांगितलं. ते दाजीला म्हणाले, "मी लहानपणी बोर्डिंगात दुधाच्या पावडरीसाठी रांगेत उभा राहायचो. ती रांग मला कधी पुन्हा बघायची नव्हती. म्हणून मी दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. पण रांग तीच होती, दाजी." दाजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगला ऱ्हाऊं द्या. माजी फली कुजली तं नाय?"

फळी कुजली की नाही ते बघायला दाजी नाताळाच्या आधी एकदा रिक्षातून आला. मंदिरात तेव्हा कुणी नव्हतं. गादी काढून टाकलेली होती. तो माझ्यावर बसला. देवाची प्रार्थना केली असेल तर मनातल्या मनात केली असेल. माझ्या भोकांवरून बोटं फिरवत तो बराच वेळ बसला. "पानी लागत नाय ना गं?" हळूच म्हणाला. किती वर्षांनी मला कुणी 'गं' म्हटलं होतं! पुढच्या पावसाळ्यात दाजी गेला.

सगळं एका दिवसात सुधारलं, असं मी सांगणार नाही. पहिल्या बाकाचा मान काढून टाकला म्हणून दोन कुटुंबं रुसून दुसऱ्या मंडळीत गेली. गुरुदत्तसाहेबांनी मात्र पुढच्या वर्षीही वह्या पाठवल्या, स्वतः आले नाहीत आणि फोटोही मागितला नाही. बाबुराव वह्या पिशवीत घालून एकेका घरी जायला लागले आणि ज्या घरी जात, तिथं निदान चहा तरी घेतल्याशिवाय उठत नसत. मालूचं नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं. वासंतीसिस्टर निवृत्त होऊन डोंबिवलीला भाच्याकडे राहायला गेल्या.

आता नव्व्याण्णव सरत आलंय. आत गुळगुळीत फरशी आलीय, एकसारखे पॉलिशचे बाक आलेत. त्यांत मी शोभेना, म्हणून मला ओट्यावर आणलं. वाईट वाटलं का? दोन दिवस वाटलं. मग लक्षात आलं, की आत फक्त आतली माणसं येतात. ओट्यावर सगळेच येतात. मासळीवाल्या पाटी उतरवतात, पोस्टमन घाम पुसतो, शाळेची पोरं दप्तरं टाकतात. माझ्या एका पायाला वाळवी लागलीय. किती दिवस उरलेत, कोण जाणे.

आज सकाळी बांधकामावरची एक बाई आली. लांबच्या मुलखातली दिसते, कडेवर मूल. आत गाणं चाललंय ते ऐकत ती आधी पायरीवर उभी राहिली, मग इकडेतिकडे बघत माझ्या अगदी कडेला टेकली. अर्धं अंग बाकावर, अर्धं बाहेर. कुणी ओरडलं तर लगेच उठता यावं, अशी.

मला तिला एवढंच सांगायचंय, पण माझा आवाज तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तुम्ही इथून जाल, तेव्हा तुम्ही तरी म्हणा. बाई, मागे सरक. मुलाला नीट मांडीवर घे. जागा भरपूर आहे. पाठ टेकून बस.